प्राचार्यपदाचा जिना कोणाच्या ताब्यात?

१ जून १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याआधी १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९२८ मध्ये याच विधी महाविद्यालयात त्यांनी अर्धवेळ शिकवले होते. प्राचार्य झाल्यावर साडेचार महिन्यांतच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य हिंदू धर्म सोडण्याची भाषा भर सभेत करतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. खुर्ची मिळाली म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत, आणि गप्प बसावे लागेल या भीतीने त्यांनी खुर्ची नाकारलीही नाही. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. महाविद्यालय चालवणे ही एक सत्ता आहे, हे ओळखणाऱ्या माणसाची ही वाटचाल आहे.

बाबासाहेब प्राचार्य झाले त्याला नव्वद वर्षे होऊन गेली. आज आपल्या समाजात प्राध्यापकांची वाण नाही. तालुक्याच्या गावालाही नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली बौद्ध मुले-मुली भेटतात. डॉ. भालचंद्र मुणगेकर २००० साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, डॉ. नरेंद्र जाधव २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच वर्षी डॉ. सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण शिखरावरची ही मोजकी नावे घेताना खालच्या पायऱ्यांकडे आपले दुर्लक्ष होते. आपल्या जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयांची यादी समोर घ्या आणि प्राचार्यांची नावे वाचा. प्राध्यापकांच्या यादीत दिसणारा आपला माणूस प्राचार्यांच्या यादीत किती वेळा दिसतो, हे प्रत्येकाने स्वतःच मोजून पाहावे.

तीन वर्षांपूर्वी एक प्राध्यापक माझ्या कार्यालयात आले. सतरा वर्षांची कायम सेवा, पीएच.डी., सहयोगी प्राध्यापकाची श्रेणी. त्यांच्याच महाविद्यालयात प्राचार्यपदाची जाहिरात निघाली होती. यांनी अर्ज केला, मुलाखत दिली आणि डावलले गेले. मुलाखतीत त्यांना पहिलाच प्रश्न आला, "प्रशासनाचा अनुभव काय?" यांच्याकडे सांगण्यासारखे होते ते असे : अनुसूचित जाती-जमाती कक्षाचे समन्वयक अकरा वर्षे, शिष्यवृत्ती समिती तेरा वर्षे, राष्ट्रीय सेवा योजना सहा वर्षे, जयंती-पुण्यतिथी समिती तर कायमचीच. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "ही सामाजिक कामे झाली. प्रशासन कुठे आहे?" निवड ज्यांची झाली ते यांच्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ. पण ते दोन वर्षे उपप्राचार्य होते, नॅकच्या वेळी गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक होते आणि परीक्षा विभागही त्यांनी सांभाळला होता.

"साहेब, केस टाकू या," ते म्हणाले. मी त्यांची फाईल चाळली. उपप्राचार्यपद दुसऱ्याला दिले तेव्हा यांनी लेखी हरकत घेतली होती का? नाही. समन्वयकपद मला द्या, असा एखादा अर्ज? नाही. शिष्यवृत्तीचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडेच का, अशी विचारणा? तीही नाही. सगळे तोंडी. "वाद कशाला वाढवायचा म्हणून बोललो नाही," असे ते म्हणाले. न्यायालयात तोंडी अन्यायाला किंमत नसते. मला त्यांना सांगावे लागले की तुमच्यावर अन्याय झाला आहे हे मला दिसते, पण तो सिद्ध करायला कागद नाही. ते उठून गेले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. हा लेख त्यांच्यासाठी उशिरा आहे. आज पाच-सात वर्षे सेवा झालेल्या त्यांच्यासारख्या शेकडो तरुण प्राध्यापकांसाठी मात्र तो वेळेवर आहे.

कोणी म्हणेल, चार प्राध्यापकांच्या बढतीचा प्रश्न, त्यासाठी चळवळीने का डोके शिणवायचे? वस्तीत पाणी नाही, मुलांना नोकरी नाही, आणि तुम्ही खुर्चीचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून आलेली नाही म्हणून बौद्ध वस्तीतल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका अडवून ठेवायची की नाही, हे महाविद्यालयात कोण ठरवतो? प्राचार्य. तासिका तत्त्वावर यंदा कोणाला घ्यायचे, त्या प्रक्रियेचा कागद कोणाच्या टेबलावरून फिरतो? प्राचार्याच्या. बिंदूनामावली विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, अनुशेष किती ते कळवायचे, सहसंचालकांकडे प्रस्ताव पाठवायचा, यावर सही कोणाची? प्राचार्याची. वसतिगृहातल्या मुलाला जातीवरून कोणी छळले तर तक्रार दाबायची की नोंदवायची, हे पहिल्या चोवीस तासांत कोणाच्या हातात असते? तेही प्राचार्याच्याच. खुर्चीवर बसलेला माणूस आपल्या जातीचा असला की न्याय होतोच असे मी म्हणत नाही. खुर्चीवर आपला माणूस कधीच बसू शकत नाही अशी व्यवस्था असेल तर अन्याय करणाऱ्याला भीती उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. तेव्हा हा प्रश्न चार प्राध्यापकांच्या पगारवाढीचा नाही. तो वस्तीतल्या मुलामुलींचा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांचा समज असा की प्राध्यापकाच्या जागेला आरक्षण आहे, म्हणजे प्राचार्याच्या जागेलाही असणारच. तसे नाही. एका महाविद्यालयात प्राचार्य एकच. एकाकी पदावर आरक्षण ठेवले तर ते शंभर टक्के आरक्षण होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये चक्रधर पासवान खटल्यात म्हटले. नंतर माधव खटल्यात न्यायालयाने जरा वेगळी दिशा घेतली आणि फिरत्या पद्धतीने एकाकी पदालाही आरक्षण लावता येईल असे मानले. पण ते दार लवकरच बंद झाले. १७ एप्रिल १९९८ रोजी चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकाकी पदाला आरक्षण नाही, फिरत्या पद्धतीनेही नाही, असा निर्णय दिला.

यावर एक तोड सुचवली जाते. महाविद्यालय एक धरले तर प्राचार्य एक, पण राज्यातली सगळी अनुदानित महाविद्यालये एकत्र धरली तर प्राचार्य शेकडो. मग त्या सर्वांचा मिळून एक संवर्ग का नको? उत्तर प्रदेशात नेमका हाच प्रश्न न्यायालयात गेला. २०११ मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध भरत सिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेगवेगळ्या व्यवस्थापनांच्या महाविद्यालयांतील प्राचार्यपदे एकमेकांशी जोडलेली नाहीत, म्हणून त्यांचा एक संवर्ग होत नाही आणि आरक्षण लागू होत नाही. त्याआधी कर्नाटकातील गोविंदप्पा खटल्यात वेगवेगळ्या विषयांच्या एकेकट्या अधिव्याख्यातापदांबाबतही न्यायालयाने असाच कौल दिला होता.

पदोन्नतीतील आरक्षणाचे काय? १९९२ च्या मंडल निकालाने ते नाकारले, १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने ते परत आणले, २००६ च्या नागराज निकालाने त्याला अटी घातल्या, २०१८ च्या जर्नेल सिंह निकालाने त्यातली मागासलेपण सिद्ध करण्याची अट अनुसूचित जाती-जमातींपुरती काढली. या लढ्याचे मोल मोठे आहे. पण अनुदानित महाविद्यालयाचा प्राचार्य पदोन्नतीने होत नाही. त्या पदाची जाहिरात निघते, अर्ज मागवले जातात, निवड समिती बसते. म्हणजे ती थेट भरती ठरते आणि घटनेच्या कलम १६ (४अ) चा आधार तिथे पोहोचतच नाही. अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या संस्थांत तर आरक्षणाचा विषयच निघत नाही.

यात एक विसंगती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून जाणाऱ्या प्राचार्यांमध्ये अनुसूचित जातीच्या प्राचार्यासाठी जागा राखलेली आहे. म्हणजे प्राचार्यांचा प्रतिनिधी आपला हवा हे कायद्याला मान्य, पण मुळात आपला माणूस प्राचार्य व्हावा याची सोय नाही. विहिरीवर पोहरा ठेवायचा आणि दोर ठेवायचा नाही, असा हा प्रकार आहे.

आरक्षण प्राध्यापकाच्या दारापर्यंत आणून सोडते. तिथून पुढे जिना आहे आणि त्या जिन्याच्या पायऱ्या कोण वाटतो, यावर सगळे अवलंबून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदासाठी घातलेल्या अटी पाहा. पीएच.डी. हवी. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक असायला हवे. अध्यापन वा संशोधनाचा किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा. मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान दहा शोधनिबंध हवेत आणि संशोधनाचे किमान ११० गुण हवेत. मुदत पाच वर्षांची, कामाचे मूल्यमापन करून आणखी पाच वर्षांची.

कागदावर ही अट सर्वांना सारखी आहे. प्रत्यक्षात ती सर्वांना सारखी पडत नाही. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिल्या श्रेणीवाढीला चार वर्षे, दुसरीला पाच, सहयोगी प्राध्यापक व्हायला आणखी तीन, अशी किमान बारा वर्षे लागतात. पीएच.डी. नसेल तर पहिलाच टप्पा सहा वर्षांचा, आणि पीएच.डी. झाल्याशिवाय सहयोगी प्राध्यापकाची पायरी मिळत नाही. आता आपल्या मुलाचा हिशेब मांडा. सेट-नेट झाल्यावर आठ-दहा वर्षे तो तासिका तत्त्वावर या गावाहून त्या गावाला एस.टी.ने फिरतो. पूर्वीची हंगामी सेवा धरायची तर तेव्हाचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाइतके हवे, अशी त्याच विनियमांची अट. तासिकेच्या पैशात घरभाडे निघत नाही, नियमित वेतन कुठले निघायचे! म्हणजे ती आठ-दहा वर्षे पाण्यात. छत्तिसाव्या वर्षी कायम झाला तर एक्कावन्नाव्या वर्षी त्याची पंधरा वर्षे भरतात. ज्याला ओळखीने सव्विसाव्या वर्षी ऑर्डर मिळाली, तो एक्केचाळिसाव्या वर्षी पात्र होतो. एक दशकाचा हा फरक गुणवत्तेने पडलेला नाही.

हा झाला नियमातला जिना. दुसरा जिना नियमांत नीट लिहिलेला नाही आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे. विभागप्रमुख, परीक्षा अधिकारी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक, नॅकच्या अहवालाचे काम, उपप्राचार्य, प्रभारी प्राचार्य. या पायऱ्यांवर चढलेला माणूस मुलाखतीत "प्रशासनाचा अनुभव" सांगू शकतो. या पायऱ्या कोण देतो? २०१८ च्या विनियमांनुसार उपप्राचार्य नेमायचा तो प्राचार्याच्या शिफारशीने व्यवस्थापनाने, दोन वर्षांसाठी. प्राचार्य नसेल तेव्हा त्याचे अधिकार उपप्राचार्याकडे जातात. त्यासाठी ना जाहिरात, ना मुलाखत, ना बिंदूनामावली. संस्थाचालकाच्या बैठकीत एक नाव ठरते आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागते. प्राचार्य निवृत्त झाला की जाहिरात लांबवायची, मर्जीतल्या माणसाला प्रभारी करायचे, दोन-तीन वर्षे त्याच्याकडून सह्या घ्यायच्या आणि मग त्याच अनुभवाच्या बळावर त्यालाच कायम करायचे, हा खेळ आपल्या राज्यात नवा नाही. मुलाखतीच्या दिवशी निकाल लागत नाही. तो पाच-सात वर्षे आधी, पदभार वाटतानाच लागलेला असतो.

आणि पदभार वाटताना आपल्या प्राध्यापकाच्या वाट्याला काय येते? "तुमच्या समाजाची मुले आहेत, शिष्यवृत्तीचे तुम्हीच बघा." "जयंतीचा कार्यक्रम तुमच्याशिवाय कोण करणार?" ही कामे हलकी नाहीत. ती मनापासून केली पाहिजेत, कारण ती आपल्याच लेकरांची आहेत. पण गावगाड्यात प्रत्येक जातीला तिचे काम वाटून दिलेले असायचे, तीच वाटणी महाविद्यालयात समित्यांच्या नावाने झाली तर ती ओळखता आली पाहिजे. मराठा प्राध्यापकाला परीक्षा विभाग, ब्राह्मण प्राध्यापकाला नॅक आणि बौद्ध प्राध्यापकाला शिष्यवृत्ती! अकरा वर्षे हजारो विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणे, समाजकल्याण खात्याशी पत्रव्यवहार करणे, लाखो रुपयांचा हिशेब जुळवणे हे जर प्रशासन नसेल, तर प्रशासन म्हणजे काय? मुलाखतीत हा प्रश्न उलट विचारण्याची तयारी आपल्या माणसाने ठेवली पाहिजे.

इथे अमेरिकेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. आपल्या चळवळीचे आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नाते जुने आहे. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी मराठीला करून दिली. १९७२ मध्ये पँथर हे नावही आपण तिथूनच घेतले. त्या देशात कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाची महाविद्यालये आहेत. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे त्यांची सुरुवात झाली आणि आज ती हजाराच्या आसपास आहेत. फी कमी, प्रवेश सर्वांना खुला, त्यामुळे गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांची मुले तिथे मोठ्या संख्येने जातात. आपल्या तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयासारखेच म्हणा.

तिथल्या महाविद्यालयाच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणतात आणि त्या पदाचा नेहमीचा जिना ठरलेला आहे : अध्यापक, विभागप्रमुख, डीन, शैक्षणिक बाबींचा उपाध्यक्ष आणि मग प्रेसिडेंट. कृष्णवर्णीयांना अडचण आली ती याच जिन्यावर. वर्गात त्यांचा अध्यापक चाले, विद्यार्थी-कल्याणाच्या कामाला तो चाले, पण डीन आणि उपाध्यक्ष या पायऱ्यांवर तो अडे, कारण तिथे नेमणूक होते ती ओळखीने आणि शिफारशीने. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था तिथल्या सर्व प्रकारच्या महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या प्रमुखांची पाहणी करते. १९८६ च्या पाहणीत शंभरातले ९२ प्रमुख गोरे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही शंभरातले सत्तरहून अधिक गोरेच निघाले.

तिथल्या कृष्णवर्णीय प्रमुखांनी काय केले? १९८३ मध्ये त्यांनी 'प्रेसिडेंट्स राउंड टेबल' नावाचे आपले मंडळ उभे केले. जे वर पोहोचले त्यांनी खालच्यांना हात द्यायचा, हा त्याचा हेतू. हे मंडळ वरिष्ठ पदांवरील कृष्णवर्णीय प्रशासकांसाठी लेकिन इन्स्टिट्यूट हा प्रशिक्षणवर्ग चालवते. प्रेसिडेंट झालेली माणसे पुढच्या उमेदवारांना अंदाजपत्रक कसे वाचायचे, विश्वस्तांशी कसे बोलायचे, मुलाखत कशी द्यायची, हे स्वतः शिकवतात. सरकारी धोरणाचा आधार कधीही काढून घेतला जातो, हेही त्यांनी पाहिले. कंत्राटदारांना समान संधीची सक्ती करणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेश २१ जानेवारी २०२५ रोजी एका सहीने रद्द झाला. पण आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी बांधलेली यंत्रणा अशा सहीने रद्द होत नाही.

आपल्याकडे अशी यंत्रणा आहे का? आपले निवृत्त प्राचार्य आहेत, निवृत्त कुलसचिव आहेत, सहसंचालक कार्यालयातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांना आपण जयंतीच्या व्यासपीठावर बोलावतो, शाल देतो आणि घरी पाठवतो. त्यांच्या डोक्यात असलेले तीस वर्षांचे ज्ञान तिथेच राहते. आपल्या समाजाच्या काही संस्थांतही विश्वस्तांच्या भांडणात प्राचार्यपद वर्षानुवर्षे प्रभारीच राहते, हेही कबूल केले पाहिजे. दुसऱ्याच्या संस्थेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात ते पाहावे.

आता काय करायचे? काही गोष्टी प्राध्यापकाने स्वतः करायच्या आहेत. सेवेच्या पहिल्या वर्षापासून स्वतःची फाईल ठेवा. मिळालेल्या प्रत्येक पदभाराचा लेखी आदेश मागा, तोंडी काम स्वीकारू नका. शिष्यवृत्तीचे काम केले तर किती अर्ज, किती रक्कम, किती प्रकरणे मार्गी लावली, याचा वर्षाअखेर लेखी अहवाल द्या आणि पोच घ्या. पीएच.डी. आणि शोधनिबंध "पुढे बघू" म्हणून ढकलू नका, कारण दहा निबंध एका वर्षात होत नाहीत आणि पैसे देऊन छापलेले निबंध ऐन वेळी गळ्यात येतात. गुणवत्ता कक्षाचे, परीक्षेचे, उपप्राचार्याचे काम मिळावे म्हणून दर वर्षी लेखी अर्ज करा. अर्ज नाकारला तरी तो कागद उद्याचा पुरावा आहे.

एक पायरी अशीही आहे जी संस्थाचालकाच्या मर्जीवर नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर तीन शिक्षक निवडून जातात, मतदान शिक्षकांचेच असते. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक आणि विकासाचा आराखडा या समितीपुढे येतो. ही निवडणूक आपले किती प्राध्यापक लढवतात? लढवली तर इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त, आदिवासी आणि महिला प्राध्यापकांना सोबत घेऊन ती जिंकता येते. प्रशासनाचा यापेक्षा चांगला वर्ग दुसरा नाही.

माहिती अधिकाराचा वापर करा. शासनाच्या पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या शिक्षणसंस्था या कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. गेल्या दहा वर्षांत उपप्राचार्य, समन्वयक आणि प्रभारी प्राचार्य कोणकोण झाले, त्यांची सेवाज्येष्ठता काय होती, याची यादी मागा. एका महाविद्यालयाची यादी ही तक्रार वाटेल, पण जिल्ह्यातल्या सर्व महाविद्यालयांची यादी एकत्र ठेवली तर तो पुरावा होतो. तो घेऊन विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जा, अधिसभेत प्रश्न विचारायला लावा, अनुसूचित जाती आयोगाकडे निवेदन द्या.

चळवळीने शासनाकडे दोन मागण्या लावून धराव्यात. पहिली, उपप्राचार्य, समन्वयक आणि प्रभारी प्राचार्य यांचे पदभार सेवाज्येष्ठतेने आणि फिरत्या पद्धतीने द्यावेत, ज्येष्ठाला डावलायचे असेल तर कारण लेखी द्यावे, असा नियम करावा. यात आरक्षणाचा मुद्दाच नाही, त्यामुळे एकाकी पदाचा अडसर आडवा येत नाही. दुसरी मागणी कायद्याची. भरत सिंह खटल्याच्या मुळाशी वेगवेगळी व्यवस्थापने होती. आपल्या राज्यात मात्र एकाच संस्थेची अनेक महाविद्यालये आहेत आणि मोठ्या संस्थांत प्राचार्याची एका महाविद्यालयातून दुसऱ्यात बदली होते. जिथे बदली होते तिथे पद एकाकी कसे? अशा एका व्यवस्थापनाच्या सर्व प्राचार्यपदांचा एक संवर्ग कायद्याने ठरवावा. विभाग एकक की विद्यापीठ एकक, या वादात २०१७ च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने आपल्या जागा जाऊ लागल्या होत्या. ५ मार्च २०१९ रोजी लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत अध्यादेश निघाला आणि पुढे संसदेने कायदा केला. महाराष्ट्रानेही शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा आपला कायदा २०२१ मध्ये केला. एकक कोणते हे विधिमंडळ ठरवू शकते, हे तेव्हा दिसले. प्राचार्यपदाबाबतही ते ठरवता येईल, असे माझे वकील म्हणून मत आहे. उद्या त्याला न्यायालयात आव्हान मिळेल, हे मला माहीत आहे. आव्हानाच्या भीतीने मागणीच न करणे हे शहाणपण नव्हे.

आणि जे आपले बांधव-भगिनी आज प्राचार्य आहेत त्यांना एक नम्र विनंती. महिन्यातला एक रविवार द्या. जिल्ह्यातल्या पाच तरुण प्राध्यापकांना घेऊन बसा. सहसंचालक कार्यालयाचे पत्र कसे वाचायचे, अंदाजपत्रक कसे मांडायचे, चौकशी समितीपुढे कसे उभे राहायचे ते शिकवा. बुद्धविहाराचा हॉल मोकळा असतो, त्याला भाडे पडत नाही. तुम्ही एकटे चढलात, तुमच्या मागून येणाऱ्याला एकटे चढायला लावू नका.

माझ्याकडे आलेले ते प्राध्यापक आता निवृत्तीला आले आहेत. मध्यंतरी ते एका विहारात भेटले. त्यांच्यासोबत त्यांच्याच महाविद्यालयातली एक तरुण सहायक प्राध्यापिका होती. "वकीलसाहेब, हिने यंदा विकास समितीची निवडणूक लढवली आणि निवडून आली," असे त्यांनी सांगितले. तिच्या हातात फाईल होती. मी ती उघडून पाहिली. पहिल्याच पानावर पदभाराचा लेखी आदेश होता आणि त्याखाली तारखेसह पोच.

जयभीम.